बेचाळीस वेढे

मोटार फिरत होती, पण तिचा आवाज मला पटेना. तांब्याच्या तारेचे वेढे घालून नीट भरलेली मोटार एका सुरात घुमते. ही मधूनच दम लागल्यासारखी अडखळत होती. मी हात वर केला, रोहिणीने मेन स्विच पाडला आणि वर्गातले अठराजण माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

"दोन फेजला करंट सारखा आणि तिसऱ्याला कमी," मी म्हणालो. "तिसरी फेज कुणी भरली?"

"मी, सर," झुंबर म्हणाला.

"एका कॉइलला वेढे किती घातलेत?"

"चव्वेचाळीस. येकूनयेक मोजल्यात."

"मग मोटार खोटं बोलते होय?"

वर्ग हसला. झुंबर हसला नाही आणि रागावलाही नाही. त्याचे डोळे कायम अर्धे मिटलेले असायचे, लांब माळावर काहीतरी बघत असल्यासारखे. मी पक्कड घेतली, त्याची एक कॉइल कापली आणि तारा मोजल्या. सेहेचाळीस. दुसरी कापली. सेहेचाळीस. तिसरी, चौथी, सगळ्या सेहेचाळीस! एखादी चुकली असती तर मी समजू शकलो असतो. पण दरवेळी बरोब्बर दोनच जास्त, म्हणजे ही चूक नव्हे, ही तर शिस्त झाली. माझं डोकं फिरलं.

"झुंबरराव, चव्वेचाळीस म्हणजे चव्वेचाळीस! वांगी विकताय का, वर दोन जास्तीची टाकायला?"

"न्हाय सर," तो शांतपणे म्हणाला. "चव्वेचाळीसच हायती."

हे एकोणीसशे शहाण्णव साल. बारामतीत एसटी स्टँडच्या मागे एका जुन्या गोदामात आमचं प्रशिक्षण केंद्र चालायचं. खेड्यापाड्यातल्या अठरा ते पस्तीस वयाच्या लोकांना सहा महिन्यांत जळालेली मोटार पुन्हा भरायला शिकवायचं, शेवटी पुण्याहून परीक्षक येणार, आणि पास होईल त्याला शिक्क्याचं प्रमाणपत्र. मी तिथला निदेशक, म्हणजे आपला मास्तर. तोही कंत्राटी, दर सहा महिन्यांनी साहेबांपुढे उभा राहून मुदत वाढवून घेणारा. घर पिंपळीला, आमचं माळ्याचं, वांगी-गवारीतलं. वय एकोणतीस आणि स्वभाव असा तापट की आई म्हणायची, "गोकुळ, तुझ्या डोक्यावर भाकरी भाजंल."

झुंबर माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, चौतिसाचा. वर्गात सगळ्यांत थोरला, म्हणून मी त्याला झुंबरराव म्हणायचो. इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याचा धनगर. आजा-पणज्यापासून मेंढरं. दसरा झाला की वाडा हलायचा, म्हणजे घोड्यावर बिऱ्हाड लादून सगळं कुटुंब मेंढरांमागे कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. असा माणूस तांब्याची तार गुंडाळायला का आला, हे त्याने पहिल्या दोन महिन्यांतच मला सांगून टाकलं होतं.

धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या अलीकडे, एका उपसा सिंचन सोसायटीला पंपावर माणूस हवा होता. पंपघराला लागून राहायला एक खोली, स्लॅबची. चेअरमनने शब्द दिला होता: प्रमाणपत्र आण आणि किल्ली घेऊन जा. झुंबरची बायको सरूबाई हिला दिवस गेले होते. कार्तिकात बाळंत व्हायची होती. म्हणजे दसऱ्याच्या आत किल्ली मिळाली नाही तर ती बाळंत होणार वाटेत, कुठल्या तरी घाटात.

"सर, ह्या येळंला लेकरू छपराखाली झालं पायजे," एवढंच तो म्हणाला होता. आणि हेही, की पुढच्या सालाला त्याला पस्तीस पुरी होणार, मग कुठल्याच बॅचला नाव लागणार नाही. एकच संधी होती बिचाऱ्याला. म्हणून तर ते सेहेचाळीस बघून माझा जीव वरखाली झाला. परीक्षक काही माझ्यासारखा नुसता ओरडून गप्प बसणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. बारामतीत त्या वेळी दुपारची लाईट जायचीच. गोदामाच्या पत्र्याखाली सगळं सुस्त झालं होतं. पोरं भिंतीला टेकून पेंगत होती, आणि दरवाजातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तांब्याची तार नुसती चमकत होती. मी झुंबरला म्हणालो, "बसा. तार गुंडाळायचं मशीन हाताने फिरवा आणि मोठ्याने मोजा. मी शेजारी बसतो."

त्याने हँडल धरलं. एक, दोन, तीन, चार. त्याचं मोजणं साधं नव्हतं, त्याला एक संथ चाल होती. ऐकता ऐकता मलाही पेंग यायला लागली. अठरा, एकोणीस, वीस. आणि वीस झाल्यावर त्याने डोळे पूर्ण मिटले, ओठ मिटले, हँडल एकदा फिरलं. मग डोळे उघडून तो म्हणाला, "एकवीस."

माझी पेंग उडाली. "थांबा! आत्ता काय केलंत?"

"काय केलं?"

"वीस झाल्यावर एक वेढा घातलात तो मोजलाच नाही!"

"त्यो न्हाय मोजत," झुंबर म्हणाला, जणू मी काहीतरी पोरकट विचारलं होतं. "त्यो देवाचा."

पेंगणारी पोरं जागी झाली. मग त्याने सांगितलं. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात, वाघरीत, घालताना त्याचे वडील आबा तोंडाशी उभे राहतात आणि प्रत्येकाच्या पाठीवर हात ठेवून मोजतात. वीस झाली की पुढचं एक न मोजता आत जाऊ द्यायचं. ते बिरोबाचं. त्याच्यावर आपली मोजदाद नाही. लांडग्याने एखादं नेलं, घाटात एखादं पडलं, तर ते देवाच्यातलं गेलं म्हणायचं आणि पुढे चालायचं. झुंबर पाच वर्षांचा असल्यापासून असंच मोजत आला होता. त्याला मोजण्याची दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

"अहो, पण तांब्यात काय मेंढरं चरतात का? मोटारीत देव कुठून आणलात?" मी ओरडलो.

"तसं न्हाय सर. पर इसावर इस मोजायची म्हंजी..." आणि त्याने हँडल पुन्हा धरलं.

मी त्याला सरळ मोजायला बसवलं. आठ दिवस बसवलं. काय सांगू, वीस झाले की या माणसाच्या कपाळावर घाम यायचा. एकवीस म्हणायला तोंड उघडायचा आणि तोवर हात आपोआप फिरून गेलेला असायचा. कधी सरळ मोजायच्या नादात सगळंच चुकायचा, एक कॉइल चाळीसची तर दुसरी पन्नासची. रोहिणी त्याच्याच बाकावर बसायची, एकोणीस वर्षांची पोर, वर्गात सगळ्यांत हुशार. ती म्हणाली, "सर, ते आधीच बरे होते. निदान सगळ्या सारख्या तरी यायच्या." मी तिच्यावर खेकसलो. पण पोरगी बरोबर बोलत होती.

त्याच आठवड्यात सरूबाई आली. सरकारी दवाखान्यात दाखवायला बारामतीला आली होती, येताना नवऱ्याला बाजरीची भाकरी आणि खर्डा घेऊन आली. उंच, काटक बाई, पाचव्या महिन्यातही ताठ चालणारी. मला केंद्राच्या रजिस्टरात प्रत्येकाच्या घरची माहिती भरायची होती, म्हटलं हिच्यासमोरच झुंबरची भरून टाकावी.

"मुलं किती?" मी विचारलं.

"येक," झुंबर म्हणाला. "म्हाळसा. आजोळी आसती, साळंत जाती."

"दोन लिवा," सरूबाई म्हणाली.

मी पेन थांबवलं. झुंबर जमिनीकडे बघत होता.

"दोन," ती पुन्हा म्हणाली. "येक पोरगा झाला हुता. वरंध्याच्या घाटात. तिसऱ्या दिशी तितंच ठिवला."

"आबा म्हनलं, त्यो इसावरचा," झुंबर हळू आवाजात मला सांगू लागला. "देवाचा. म्हून मी धरत न्हाय."

"देवाचा आसंल," सरूबाई म्हणाली. "पर नऊ म्हैनं मी मोजल्यात."

ती रागाने बोलली नाही. कापडात भाकरी बांधावी तसं ते वाक्य तिने बांधून ठेवलं आणि निघून गेली. मी रजिस्टरात दोनचा आकडा लिहिला. झुंबरने भाकरी तशीच बाजूला ठेवली. मग म्हणाला, "सर, सरळ मोजाय लागलो की त्यो बी मोजण्यात येतुया. मग हात चालत न्हाय."

आता अशा माणसावर ओरडायचं तरी काय! मला माझीच लाज वाटली. घरी जाताना सायकलवर तेच डोक्यात. पिंपळीच्या पाटावर आलो, पाणी संथ वाहत होतं, आणि अचानक मला एवढं सोपं सुचलं की मी पाटावरच थांबून मोठ्याने हसलो. एक गवारवाली बाई माझ्याकडे वेड्यासारखी बघायला लागली.

सकाळी वर्गात गेल्या गेल्या मी म्हणालो, "झुंबरराव, तुम्ही तुमच्यासारखं मोजा. फक्त चव्वेचाळीस नका मोजू. बेचाळीस मोजा."

वीस, एक देवाचा. वीस, एक देवाचा. वर दोन. तोंडाने बेचाळीस, मशीनवर चव्वेचाळीस. झुंबरने दोनदा बोटांवर करून पाहिलं. मग त्याने माझ्याकडे जे बघितलं ते बघणं मला आजही विसरता येत नाही. "म्हंजी कुनाचंच काय जात न्हाय की सर!" तो म्हणाला.

त्यानंतरचे दोन महिने मला स्वप्नासारखे आठवतात. एका मोटारीला छत्तीस कॉइल. झुंबरला कळलं होतं की एक मोटार भरायची म्हणजे वाड्याबरोबर कोकणात उतरण्याएवढं अंतर आहे. पहिल्या कॉइलला तो मनाने वरकुट्याहून निघायचा. सातव्या-आठव्याला पिंपळी यायची. "सर, तुमच्या पाटावर मेंढरं पानी प्याली," तो म्हणायचा, आणि हात फिरत राहायचा. मग भोर. मग वरंध्याचा घाट, तिथे तो काही बोलायचा नाही, दोन कॉइल गप्प राहून घालायचा. मग खाली उतरल्यावर महाड, भाताची रिकामी खाचरं, ओलसर वारा. लाईट गेलेल्या त्या दुपारी सगळा वर्ग त्याच्यामागे चालत असायचा. रोहिणीने समुद्र कधी पाहिला नव्हता; ती विचारायची, "आता वास यायला लागला का हो?" आणि तो डोळे मिटूनच म्हणायचा, "येतुया. खारट." मीही ऐकत बसायचो, मी, ज्याला एका जागी पाच मिनिटं बसवत नाही. शेवटची कॉइल बसली की खरोखर पाय दुखल्यासारखे वाटायचे. आणि त्या मोटारी फिरायच्या कशा! तिन्ही फेजला काटा एकाच जागी. माझ्या हाताखाली इतका स्वच्छ हात दुसऱ्या कुणाचा आला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो.

ऑगस्टमध्ये परीक्षा झाली, दोन दिवसांची. परीक्षक साहेब पुण्याहून आले; पिकलेल्या केसांचा, कमी बोलणारा, कामात चोख माणूस. प्रत्येकाने एक मोटार भरायची, शिवाय एक कॉइल जास्तीची गुंडाळून टेबलावर ठेवायची, कापून बघण्यासाठी. झुंबरची मोटार सगळ्यांत शेवटी लावली. बटण दाबलं आणि ती एका सुरात घुमायला लागली. साहेबांनी तिन्ही फेज तपासल्या, मान डोलावली. मी मागे उभा होतो. मनात म्हटलं, मिळाली किल्ली.

मग तोंडी परीक्षा.

"एका कॉइलला वेढे किती घातले?" साहेबांनी विचारलं.

"बेचाळीस," झुंबर म्हणाला.

सगळं शिकवलं होतं मी त्याला, तारेचा गेज, वार्निशचा वेळ, स्टार्टरची जोडणी. पण तोंडीला काय सांगायचं, हे सांगायला मी विसरलो होतो. आणि झुंबर तर मोजलेलंच सांगणार. त्याला कुठून सुचणार दुसरं?

"तक्त्यात चव्वेचाळीस आहेत," साहेब म्हणाले. त्यांनी टेबलावरची कॉइल कापली, तारा मोजल्या. "निघाले चव्वेचाळीस. तुम्ही म्हणता बेचाळीस."

"व्हय साहेब. मोजल्यालं बेचाळीसच. दोन मोजायचं नसत्यात."

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. "ज्याने स्वतः गुंडाळली, त्याला वेढे माहीत नाहीत असं होत नाही," ते म्हणाले. "ही कॉइल तुम्हाला कुणी करून दिली?"

झुंबरला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा त्याचे ते अर्धे मिटलेले डोळे पहिल्यांदा पूर्ण उघडले, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

साहेबांनीही माझ्याकडे पाहिलं. "निदेशक, तुम्ही मदत केली का यांना?"

आता बघा, एका वाक्याचं काम होतं. साहेब, त्याला तार द्या, तुमच्यासमोर गुंडाळू द्या, एवढं म्हटलं असतं की झालं. मशीन तिथंच होतं. पण त्याच महिन्यात माझी मुदत संपत होती. मदत केली का, हा प्रश्न माझ्या अंगावर आला तेव्हा मला झुंबर दिसलाच नाही. मला माझं नाव लिहिलेला कागद दिसला, आणि त्यावर मारलेली काट. बेचाळीसची युक्ती माझी, ती बाहेर आली तर काय म्हणतील, हे दिसलं. आयुष्यभर नको तिथे तोंड उघडणारा मी, त्या क्षणी म्हणालो, "नाही साहेब." आणि पुढे गप्प बसलो.

तोंडीला शून्य. तोंडीत नापास म्हणजे सगळ्यातच नापास. झुंबरने पक्कड, कात्री पुसून जागेवर ठेवली, साहेबांना नमस्कार केला, मला केला, आणि गेला.

अर्ध्या तासाने मला राहवेना. साहेब पुण्याच्या गाडीसाठी स्टँडवर उभे होते. मी धावत गेलो आणि सगळं सांगितलं, मेंढरं, देवाचा वेढा, बेचाळीस, सरूबाई, खोली, सगळं. शेजारची माणसं बघत होती. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"अहो, मग आत का नाही बोललात?" ते म्हणाले. "पुन्हा गुंडाळायला लावली असती. दहा मिनिटांचं काम होतं." त्यांनी काखेतल्या निकालाच्या पाकिटाकडे पाहिलं. "आता सह्या झाल्या. मोहर लागली. मी तरी काय करू?"

त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

माझी मुदत वाढली. उपसा योजनेवर दुसरा माणूस लागला. दसरा झाला, आणि कोजागिरीच्या आधीच वरकुट्याचा वाडा आमच्या पिंपळीच्या रस्त्याने निघाला. मला घंटांचा आवाज आधी ऐकू आला. पुढे आबा, मागे मेंढरांचा तो हलता पांढरा-काळा लोंढा, मग घोडी, मग झुंबर, आणि शेवटी सरूबाई, आठवा महिना संपत आलेला, डोक्यावर पाटी. माझी आई रस्त्यावर धावली. "बाय, हितं ऱ्हा. माझ्या घरात बाळंत हो, मी हाय की. मग जा," म्हणून हाताला धरलं.

सरूबाईने हात सोडवून घेतला, हळूच. "न्हाय मावशी," ती म्हणाली. "मी ऱ्हायले तर वाड्याची भाकरी कोन थापील? आन् छप्पर मागायचं आसतं तर आमी मागूनच घेतलं आसतं. ह्येनी कमवायला निघालं हुतं."

झुंबर मला बघून थांबला. मी म्हणालो, "सांभाळून जा." तो म्हणाला, "व्हय सर. येतो." लोंढा पाटाच्या पुलावरून गेला, धूळ बसली, आणि मी वांग्याच्या वाफ्यात जाऊन उगाच पाणी मोडत राहिलो. तो सगळा हिवाळा मी वर्गात नव्या पोरांना शिकवत होतो आणि डोळ्यांसमोर घाट यायचा. कार्तिकात अवकाळी पाऊस झाला त्या दिवशी तर मी जेवलोच नाही. आईने माझं ताट झाकून ठेवलं. तिला माहीत होतं.

मे महिन्याच्या शेवटी, एका दुपारी, वर्गाच्या दारात झुंबर उभा. अंगाने वाळलेला, काळा पडलेला. खांद्यावर एक जळका स्टेटर, म्हणजे मोटारीचा तार भरायचा भाग, पोत्यात बांधलेला.

"सर, वार्निश मिळंल का वाईच?" तो म्हणाला. "पोलादपूरच्या बाजूला एकाची जळाली हुती. भरून आनतो म्हनून उचलून घिऊन आलो."

वाटेने त्याने चार मोटारी भरल्या होत्या. लाकडाचं एक मशीन स्वतःच करून घोडीवर लादलं होतं. गावोगावचे लोक आता वाडा कधी येतो म्हणून वाट बघतात, असं तो सांगत होता. पोरं उठून त्याच्याभोवती जमली. कुणी जागा करून दिली, कुणी तार धरली. मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हणालो, "झुंबरराव, त्या दिवशी मी..."

"जाऊ द्या सर," तो म्हणाला. "तुमी मला माज्यागत मोजू दिलं. दुसऱ्यानं दिलं नसतं." आणि तो पोरांत जाऊन बसला. त्याला खरंच तसं वाटत होतं. मनाचा एवढा निर्मळ माणूस मी पाहिला नाही, आणि म्हणूनच त्याच्या माफीने माझं काही हलकं झालं नाही.

बाहेर लिंबाखाली सरूबाई बसली होती. मांडीवर लुगड्याच्या झोळीत एक पोर झोपलेलं. मी तांब्याभर पाणी घेऊन गेलो. त्या पोराच्या कपाळावरचं काजळ बघितलं आणि माझ्या डोळ्यांना एकदम पाणी आलं, लपवता येईना.

"पोरगी हाय," ती म्हणाली. "घाटातच झाली. ताडपत्रीखाली. रातभर पाऊस, मी आन् सासू दोगी ताडपत्री धरून. जगली."

"देवाने सांभाळलं," मी म्हणालो.

मी पुढे केलेला तांब्या तिने घेतला नाही. आतून पोरांचा हसण्याचा आवाज आला. झुंबर काहीतरी सांगत होता.

"सर, येक इचारू?" सरूबाई म्हणाली. "त्या दिशी तुमी तितंच हुता न्हवं?"

"होतो."

"त्येंनीच गुंडाळलंय, ह्ये तुमाला ठावं हुतं न्हवं?"

"होतं."

"मग तुमी बोलायला पायजे हुतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, रडणं नव्हतं. रस्त्यात भेटलेल्याला पुढचा पूल मोडलाय असं सांगावं, तसं तिने सांगितलं. मला किती कारणं सुचली! मुदत, साहेब, आई, पिंपळीतली पाऊण एकर जमीन. सगळी ओठांपर्यंत आली. उन्हात उभा राहून मी त्या झोपलेल्या पोरीकडे बघत होतो.

"हो," मी म्हणालो. "बोलायला पाहिजे होतं."

सरूबाईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पोरीला एका हातावर घेऊन ती उठली, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि उभ्यानेच सगळं पाणी प्याली.